नाक्यावरची खबर

आमच्या वर्तमानपत्राने उपनगरांची पानं बंद केली तेव्हा काही सहकारी जाहिरातीत गेले, एकदोघे पुढाऱ्यांची भाषणं लिहू लागले आणि मी हेरकथा लिहायला बसले. हल्ली काय करतेस, असं कोणी विचारलं की मी सांगायचे, घरी बसून खून करते. आयुष्यभर बाकी बातम्यांबरोबर गुन्हेवार्ताही केलेली, त्यामुळे पोलीस ठाणी मला वासावरून ओळखता येत. गुप्तहेर मात्र एकही पाहिलेला नव्हता, निदान माझ्या माहितीत तरी नाही. तरीही पहिलं पुस्तक खपलं. दुसरं त्याहून जास्त खपलं. मुलुंडच्या पाण्याच्या आणि खड्ड्यांच्या बातम्या देणारी म्हणून जे मला ओळखायचे, तेच आता लग्नकार्यात गाठून विचारू लागले, हे सगळं तुला सुचतं कसं गं?

सुचत नाही, हेच त्याचं उत्तर. बातमीदाराला घटनास्थळी गेल्याशिवाय ओळ लिहवत नाही, आणि ती खोड कादंबरीतही सुटली नाही. माणूस खोटा चालेल, पण तो ज्या जिन्याने वर जातो तो जिना मी स्वतः चढलेला असावा लागतो. त्याने चहा प्यायचा तर टपरी कुठे आहे ते मला बघून यावं लागतं. माझी संपादक म्हणते, तू कल्पनाशक्तीचा पैसा घेतेस आणि काम पंचनाम्याचं करतेस. ती तोंडाची फटकळ आहे, पण इथे तिचं बरोबर आहे.

घरात मी आणि आई. वडील गिरणीत होते. गिरणी गेली आणि पाठोपाठ तेही गेले. आई मालवणकडची. मुंबईत सगळं आयुष्य गेलं तरी तिने आपली बोली सोडली नाही आणि गावच्या राखणदारालाही नाही. राखणदार म्हणजे गावाची राखण करणारा. दिसत नाही, पण असतो. वाट चुकलेल्याला तो घरापर्यंत आणून सोडतो आणि त्याचा मान त्याला द्यावा लागतो, नारळ आणि विडी. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहूनही आईने तो मान चुकवला नाही. गावाच्या दिशेला तोंड करून गॅलरीच्या कट्ट्यावर ठेवायची. नारळ मग आम्ही खायचो. विडी कुठे जायची ते मी कधी विचारलं नाही.

माझ्या बातमीदारीबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. कामावरून यायची वेळ ठरलेली नसे. कधी नऊ, कधी मध्यरात्र उलटून गेलेली. पण कितीही उशीर झाला तरी घरात दिवा बंद, आई गाढ झोपलेली आणि ओट्यावर भात वाफाळत असलेला. बायकांना असं काही जमतं, एवढंच मी समजत आले. पोलिसांकडून माहिती काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, पण स्वतःच्या घरातल्या भाताची वाफ मला संशयास्पद वाटली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तिसऱ्या पुस्तकासाठी मला पाळतीची जागा हवी होती. एका शास्त्रज्ञ बाईच्या घरावर नजर ठेवायला एक माणूस नेमलेला आहे. तो तिच्या बाजूचा की शत्रूच्या, हे शेवटपर्यंत कळत नाही, अशी गोष्ट होती. जागा शोधायला लांब जावं लागलं नाही. आमच्या समोरची जुनी इमारत पुनर्विकासासाठी रिकामी झाली होती. माणसं भाड्याच्या घरांत गेली होती, भंगारवाल्यांनी दारं, चौकटी, ग्रिल सगळं उचकटून नेलं होतं आणि उरली होती नुसती चौकोनी भोकं. तिसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली एक खिडकी मात्र काचांसकट शाबूत होती. मला लगेच वाटलं, आपला माणूस इथेच बसणार.

बिल्डरने ठेवलेला वॉचमन मला दुपारी वर घेऊन गेला. "हा रूम पहिल्यापासून बंदच, मॅडम," तो म्हणाला. "मालक कोण, कुठला, कोणाला पत्ता नाय. सोसायटीवाले बोलायचे, भाडेकरू पण ठेवला नाय कधी. खाली करायच्या टायमाला दरवाजा तोडायला लागला." मग खिडकी का नाही काढली, असं मी विचारलं. भंगारवाले वर आले होते, बोलले नंतर काढू, आणि परत आलेच नाहीत, एवढं सांगून तो दाराबाहेरच थांबला. मी आत या म्हटलं तर चप्पल घाण होईल म्हणाला. त्या इमारतीत तो दिवसभर सिमेंटमाखल्या पायांनी फिरत असे.

आत धूळ होती आणि जुन्या बंद कपाटासारखा वास. सामान काहीच नव्हतं. खिडकीखाली मात्र जळक्या काड्यांचा ढीग होता, आगपेटीतल्या साध्या काड्या. ओंजळीत मावणार नाहीत इतक्या. विडीचं किंवा सिगारेटचं एकही थोटूक नव्हतं. मी चारही कोपरे पाहिले, सवयच ती. खाली बसून बघितलं तर तळाच्या काड्या धुळीत पार विरून गेलेल्या आणि वरच्या तशा ताज्या दिसत होत्या. एखादा माणूस काडी पेटवतो, पण ओढत काहीच नाही. मला ते फार आवडलं. हे पुस्तकात घ्यायचं, असं मी तिथेच ठरवून टाकलं.

मग खिडकीशी उभी राहिले. समोर आमची गॅलरी सरळ दिसत होती, आणि उजवीकडे, गल्लीचं वळण ओलांडून, थेट नाका. रिक्षांची रांग, औषधाचं दुकान, सगळं लख्ख. आमच्या गॅलरीतून नाका दिसत नाही. आमच्याच इमारतीचा जिन्याचा भाग मध्ये येतो. पाळतीला जागा झकास होती. तेवढ्यात आई गॅलरीत आली. डोळ्यांत मोतीबिंदू, तरी तिने मान वर केली आणि हात हलवला. मीही हलवला.

घरी आल्यावर मी कौतुकाने म्हटलं, "एवढ्या लांबून ओळखलंस मला?"

"तुका खय?" ती म्हणाली. "मी तेका हात केलंय. रोज करतंय. एकटो रवता थय."

"अगं आई, ती मी होते खिडकीत."

"तुका बघलंय मी," ती लसूण सोलता सोलता म्हणाली. "तू थय उभी रवलंस म्हणानच तो मागे सरलो."

मी हसले. पण त्या संध्याकाळी लिहायला बसताना खुर्ची फिरवून घेतली, भिंत पाठीशी येईल अशी.

दुपारी जेवणं झाली की मी लिहिलेलं प्रकरण आईला वाचून दाखवायचे. वाचायचं तिने डोळ्यांमुळे सोडलं होतं, ऐकायची मात्र कान देऊन. एकच पंचाईत होती: तिच्या लेखी मी अजून बातमीदारच होते. कादंबरी म्हणजे बनवलेली गोष्ट, हे मी तिला परोपरीने सांगून पाहिलं. ती म्हणायची, "तू लिवतंस ता खोटा कसा आसतला?" इतकी वर्षं माझ्या हातचं जे छापून आलं ते खरं होतं. आताच मला खोटं बोलायची बुद्धी का व्हावी, असा तिचा साधा हिशोब. पहिल्या पुस्तकातल्या खलनायकाला पोलिसांनी अजून धरलं कसं नाही, याचा तिला कित्येक महिने राग होता.

समोरच्या खिडकीतल्या माणसाची प्रकरणं ती वेगळ्याच तऱ्हेने ऐकायची. ओळखीच्या माणसाची ख्यालीखुशाली कळल्यासारखी. तो चहा बिनसाखरेचा पितो, असं मी वाचलं तेव्हा हळहळली, साखर वाढली असेल म्हणाली. पुढे एका दुपारी मी वाचून थांबले आणि पाणी प्यायला उठले, तर ती मागून म्हणाली, "तो विडी पेटवता, पण ओढणा नाय."

मी ग्लास हातात धरून तशीच उभी राहिले. ते प्रकरण मी वाचलंच नव्हतं. सकाळी लिहिलेलं होतं, लॅपटॉपमध्ये होतं, आणि आईला लॅपटॉप उघडताही येत नाही. समोरच्या खोलीतल्या काड्यांबद्दल मी तिलाच काय, कोणालाही बोलले नव्हते.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगूक कित्याक व्हया? दिसता मां."

मला भीती वाटली, हे सरळच सांगते. भुताची नव्हे. भुतांच्या बातम्या मी पुष्कळ केल्या होत्या आणि प्रत्येक भुतामागे कुठलातरी जागेचा वाद निघाला होता. मला भीती होती आईच्या डोक्याची. या वयात माणसं हळूहळू निघून जातात आणि शरीर तेवढं मागे राहतं, तसलं काही सुरू झालंय का? मी तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला वार विचारला, पंतप्रधान विचारले. तिने उत्तरं दिली आणि वर त्यांनाच विचारलं की तुमच्याकडे सुरमई काय भावाने मिळते. डोकं ठणठणीत आहे, मोतीबिंदू तेवढा काढून घ्या, असं ते म्हणाले. मी बाहेर आले ती आणखीच घाबरलेली. आईचं डोकं शाबूत होतं. मग त्या काड्यांचं काय?

त्यानंतर मी खिडकीकडे बघायचं टाळू लागले. कांजूरच्या कचराडेपोवरून वारा सुटला की आमच्या गल्लीत सगळे खिडक्या लावून घेतात. मी ते निमित्त करून गॅलरीचं दारही लावून टाकायचे. आई उठून परत उघडायची. एकदा भर दुपारी मी कपडे वाळत घालत असताना समोर काचेआड काहीतरी पिवळं चमकलं आणि विझलं. उन्हाची तिरीप असेल. चिमटे तिथेच टाकून मी आत आले.

अशात संपादकाचा फोन आला. शेवट कधी देतेस, शेवट दणक्यात हवा. शेवट मी तिला आधीच सांगून ठेवला होता: इमारत पाडायला यंत्र येतं, आत माणूस आहे हे कोणालाच ठाऊक नसतं, आणि तो शेवटपर्यंत जागा न सोडता ढिगाऱ्याखाली जातो. ती त्यावर बेहद्द खूश होती. "हो गं," मी फोनवर म्हटलं, "मारते ना. या आठवड्यात भिंतीखाली घालते त्याला."

फोन ठेवून वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. हातातला डाव तिने खाली ठेवला नव्हता, त्यातून आमटी ठिबकत होती.

"तेका मारू नको गो," ती म्हणाली.

"आई, पुस्तकातला आहे तो."

"मारू नको. राखणदार आसा तो. राखणदाराक कोण मारता?"

ती जेवली नाही. दुपारी बघते तर गॅलरीच्या कट्ट्यावर नारळ आणि विडी. पण तोंड गावाकडे नव्हतं, समोरच्या खिडकीकडे होतं. माझं डोकं फिरलं. मी तिला वाट्टेल ते बोलले: डॉक्टर काय म्हणाले, लोक काय म्हणतील, समोर कोणी नाही, कोणी नव्हतं, ती खोली पहिल्यापासून बंद आहे. ती ऐकून घेत होती. माझं बोलून संपल्यावर तिने मला शेजारी बसवलं आणि लहान मुलाला समजवावं तसं विचारलं, "तू कामाक होतंस तेव्हा तुका गरम भात गावायचो. कसो?"

मी स्वयंपाकघराच्या ओट्याकडे बघितलं.

"तुझी येवची येळ ठरलेली नाय. सुरवातीक फोन पण नाय. माका कळूचा कसा, चेडू इला म्हणान? मी गॅलरेत काळोखात बसान ऱ्हवय. तू नाक्यावर इलंस की तो काडी पेटवी. थयल्या खिडकेत. काडी दिसली की मी भात गरम करी. मगे दिवो बंद, आणि मी हातरुणात. तू बघलंस तर तुका वायट वाटात, आवस जागी ऱ्हवता म्हणान."

"मोबाईल आल्यावर तरी विचारायचंस."

"फोन कित्याक? तो होतो मां."

मी उठून गॅलरीत गेले. कठड्यावरून वाकून पाहिलं, टाचा उंच करून पाहिलं. जिन्याची भिंत आडवी येत होती. तिथून नाका दिसत नाही, कधीच दिसत नव्हता. आणि भात तर रोज गरम होता. तिला सर्दी झालेली असो, संप असो, मी स्मशानातून बातमी करून आलेली असो, भात गरम होता. मला रडू आलं आणि त्याच वेळी पाठीवर काटा आला. कशासाठी काय, ते मला वेगळं काढता आलं नाही. माझ्या जाण्यायेण्यावर इतकी वर्षं कोणाची तरी पाळत होती. गुप्तहेरांवर पुस्तकं लिहिणाऱ्या मला त्याचा पत्ता नव्हता.

आई आतून म्हणाली, "तेका मारलंस, तर तू इलंस म्हणान माका कोण सांगतलो?"

तिच्या सगळ्या हट्टाचं मूळ एवढंच होतं. सभा, समारंभ, मालिकावाल्यांच्या बैठका यांसाठी मी अजूनही बाहेर जातच होते, आणि अजूनही तिच्या वाट बघण्याला त्या खिडकीचा आधार होता.

शेवट मी आधी ठरल्याप्रमाणेच लिहिला. चांगला उतरला होता, धंद्याची नजर खोटं सांगत नाही. पण पाठवायला हात उठेना. दोन दिवस तो तसाच राहिला आणि तिसऱ्या दिवशी मी सगळा पुसून टाकला. नव्या शेवटात यंत्र येण्याआधीच्या सकाळी तो माणूस जागेवरून उठतो, उरलेल्या काड्या खिशात टाकतो, जिना उतरतो, गल्ली ओलांडतो आणि समोरच्या इमारतीचे दोन मजले चढून बाईच्या दाराशी येऊन उभा राहतो. दार उघडतं. संपलं. संपादक म्हणाली, "हे काय गं? हेरकथेचा पार सत्यनारायण करून टाकलास. तो कोणाचा माणूस होता ते तरी सांग." मी म्हटलं, घ्यायचा तर असाच घे. बरीच कुरकुर करून तिने घेतला. आईला वाचून दाखवला तेव्हा तिने मान डोलावली. मग म्हणाली, "बरा केलंस. थय पावसात गळाक लागला असता तेका."

गणपती झाले आणि समोरची इमारत पडली. धूळ इतकी उडाली की भर दुपारी घरात दिवा लावावा लागला. ती खिडकी कोसळताना मी डोळे ताणून बघत होते. काचा फुटल्या, भिंत आत मुडपली, आत कोणी नव्हतं. आई तेव्हा स्वयंपाकघरात तांदूळ निवडत होती. तिने उठून पाहिलंसुद्धा नाही.

तेव्हापासून मी एक नियम केला. बाहेरून येताना नाक्यावर औषधाच्या दुकानाशी थांबायचं आणि फोन करायचा, आई, नाक्यावर आले. ती म्हणायची, बरा. बस्स, एवढंच. त्या एवढ्याशा बोलण्याची मला इतकी गोडी लागली की कधी कधी भाजीला म्हणून उतरले तरी मी तो फोन करायचे.

मध्यंतरी गोरेगावला स्टुडिओत बैठक होती. पुस्तकावर मालिका करायचं चाललंय. त्यांनाही शेवट बदलून हवा होता. मी नाही म्हटलं आणि वाद घालून निघाले. लिंक रोडवर रिक्षा मुंगीच्या पावलांनी चालली होती आणि फोनची बॅटरी पवईतच मेली. नाक्यावर उतरले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. हात सवयीने पर्समध्ये गेला, मग आठवलं. दुकानदाराचा फोन मागावा का, असा विचार आला. दोन मिनिटांवर तर घर, म्हणून तशीच निघाले. समोरच्या मोकळ्या प्लॉटला पत्रे ठोकले होते. तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर आता नुसतं आभाळ होतं. मी तिकडे बघितलं, न बघून कसं चालेल.

वर आले तर आमचं दार नुसतं लोटलेलं. बाहेरच्या खोलीत दिवा बंद. स्वयंपाकघरात आईची पाठमोरी आकृती, गॅसवर चहा नुकता उकळी येऊन खाली घेतलेला, वाफ निघतेय. ओट्यावर तीन कप मांडून ठेवलेले.

"फोन बंद पडला होता," मी म्हटलं. "तुला कसं कळलं आले ते?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. "असा काय विचारतंस? आता हयच रवता मां तो. तूच लिवलंस."

माझ्या लिहिण्याच्या खोलीचं दार उघडं होतं. आत अंधार होता आणि जळक्या काडीचा बारीक वास येत होता. आईने देवापाशी उदबत्ती लावली असेल. मी तिकडे न बघता साखरेचा डबा उघडला, पहिल्या कपात एक चमचा घातला, दुसऱ्यात एक, आणि तिसऱ्यावर चमचा नेला तसा आईने माझा हात धरला.

"तेका नको," ती म्हणाली. "बिनसाखरेचो."